दारू सोडायची, पण जायचं कुठं? एएची मीटिंग शोधायची सोपी रीत

हुडकेश्वर (नागपूर) : "आता बस, उद्यापासून बंद," हे वाक्य गावागावांत रोज बोलले जाते. घरची माणसेही ते रोज ऐकतात. त्यापुढचा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. सोडायची तर आहे, पण जायचे कुठे? कोणाशी बोलायचे? पैसे किती लागतील? गावात कळले तर काय?

उमरेड, भिवापूरकडून नागपुरात येणाऱ्याला देशीची भट्टी शोधावी लागत नाही, तिची पाटी लांबून दिसते. दारू सोडलेली माणसे ज्या खोलीत जमतात, तिथे मात्र मोठी पाटी नसते. हुडकेश्वर, नरसाळा, म्हाळगीनगर, दिघोरी या भागातला किंवा त्यापलीकडच्या खेड्यातला माणूस अशी खोली शोधू लागला की इथेच अडकतो. मोबाइलवर शोधले तर आधी महागड्या केंद्रांच्या जाहिराती येतात. फोन केला तर थेट महिन्याचा खर्च सांगतात. माणूस घाबरतो, फोन ठेवतो आणि संध्याकाळी पुन्हा भट्टीवर दिसतो.

खरे तर ही मीटिंग फुकट असते. नाव नोंदवावे लागत नाही, आधार कार्ड लागत नाही, भरती व्हावे लागत नाही. ती शोधायची कशी, जाण्याआधी कोणती काळजी घ्यायची आणि आत गेल्यावर काय होते, ते पुढे क्रमाने दिले आहे.

मीटिंग म्हणजे नेमकं काय?

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे एए, हा दारूच्या व्यसनातून बाहेर पडलेल्या आणि पडू पाहणाऱ्या माणसांचा मेळ आहे. १९३५ साली अमेरिकेत त्याची सुरुवात झाली. भारतात तो १९५७ पासून आहे. नागपुरातही एएचे ग्रुप अनेक वर्षांपासून चालतात.

मीटिंग म्हणजे दवाखाना नव्हे, कीर्तन नव्हे आणि पंचायतीची सभाही नव्हे. दहा-वीस माणसे एका खोलीत तास-दीड तास बसतात. ती कधी शाळेची खोली असते, कधी समाजभवन, कधी चर्चचा हॉल. एकेक जण उठून स्वतःचे सांगतो. आपण कसे पीत होतो, काय गमावले, कसे थांबलो आणि आज कसे चालले आहे. बाकीचे फक्त ऐकतात. मध्येच बोलणे नाही, उपदेश नाही, "तू असे करायला पाहिजे होतेस" नाही.

सभासद व्हायला एकच अट आहे, दारू सोडण्याची इच्छा. सोडलेली असली पाहिजे असेही नाही, इच्छा असली तरी पुरे. फी नाही. शेवटी चहापाण्यासाठी आणि खोलीच्या भाड्यासाठी एक पिशवी फिरते. ज्याला जमेल तो टाकतो, नाही जमले तर कोणी विचारत नाही. एए सरकारकडून, पक्षाकडून किंवा कंपनीकडून देणगी घेत नाही. त्यामुळे मीटिंगच्या नावाखाली कोणी फी किंवा ॲडव्हान्स मागत असेल तर ती एए नाही, एवढे पक्के धरून चाला.

'ॲनॉनिमस' म्हणजे अनाम. इथे आडनाव सांगावे लागत नाही. कोण आले, काय बोलले, हे बाहेर सांगायचे नाही, असा रिवाज आहे. सरपंच आणि सालदार एकाच रांगेत बसू शकतात ते यामुळेच. आणि खोलीवर मोठी पाटी नसते तीही यामुळेच.

आपल्याला गरज आहे का? चार प्रश्न

"मले काही व्यसन नाही, मी कधीबी सोडू शकतो," असे पिणारे बहुतेक सगळेच म्हणतात. डॉक्टर यासाठी चार साधे प्रश्न वापरतात. ते स्वतःलाच विचारायचे, उत्तर कोणाला सांगायची गरज नाही.

१. पिणे कमी करायला हवे, असे कधी वाटले का?
२. कोणी पिण्यावरून टोकले की राग येतो का?
३. पिण्याबद्दल मनात कधी खंत वाटली का?
४. सकाळी उठल्याबरोबर, हात थरथरू नयेत किंवा डोके ठिकाणावर यावे म्हणून कधी घोट घेतला का?

दोन किंवा जास्त उत्तरे 'हो' असतील तर ही साधी सवय राहिलेली नाही, असे समजून डॉक्टरांशी बोलावे. चौथ्या प्रश्नाचे एकट्याचे उत्तर 'हो' असेल तरी पुढचा भाग नीट वाचा.

थांबा! हात थरथरत असतील तर आधी डॉक्टर

रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू बंद केली तर जिवावर बेतू शकते. ही भीती घालण्याची गोष्ट नाही, शरीराचा तसा हिशोबच आहे. मेंदूला वर्षानुवर्षे दारूची सवय झालेली असते. ती अचानक काढली की मेंदू उसळतो.

शेवटच्या घोटानंतर साधारण सहा ते चोवीस तासांत हात थरथरणे, घाम, मळमळ, झोप न येणे सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत काहींना फिट येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काही जण भ्रमात जातात. नसलेली माणसे दिसतात, अंगावर किडे फिरताहेत असे वाटते, वेळ-जागेचे भान राहत नाही, ताप चढतो. गावात याला "बाहेरची बाधा" समजून मांत्रिकाकडे नेतात आणि तिथे मौल्यवान वेळ जातो. ही दवाखान्यात उपचार करायची अवस्था आहे. अशा वेळी १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

म्हणून ज्याला आधी कधी फिट आली आहे, ज्याला सकाळी घोट घेतल्याशिवाय उठवत नाही, ज्याला काविळीचा किंवा पोटात पाणी होण्याचा त्रास आहे, त्याने घरीच "आजपासून बंद" असा प्रयोग करू नये. पहिले काही दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधे घेऊन दारू थांबवता येते. सोबत 'बी-१' जीवनसत्त्व देतात, कारण खूप पिणाऱ्यांच्या शरीरात ते कमी झालेले असते आणि त्याच्या कमतरतेने मेंदूला इजा होऊ शकते.

हुडकेश्वर भागातून सगळ्यात सोयीचे मोठे सरकारी रुग्णालय म्हणजे मेडिकल. तिथल्या ओपीडीची चिठ्ठी काढताना "मनोविकार विभाग" असे सांगायचे. मेयो, मिहानमधील एम्स आणि प्रादेशिक मनोरुग्णालय हेही पर्याय आहेत. मनोविकार विभागात गेलो म्हणजे वेडे ठरलो असे नाही. व्यसनाचा इलाज त्याच विभागात होतो, एवढेच.

आणखी एक इशारा. "जेवणात मिसळा, त्याला कळणारही नाही, दारू सुटेल," अशा पुड्या बाजारात आणि मोबाइलवर विकल्या जातात. दारू सोडण्यासाठी डॉक्टर कधी कधी डायसल्फिराम नावाची गोळी देतात. ती घेतलेल्या माणसाने दारू प्यायली तर तोंड लाल होते, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब पडतो, जीवही जाऊ शकतो. म्हणून ती रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने आणि तपासणी करूनच देतात. चोरून काहीही खाऊ घालणे म्हणजे घरच्याच माणसाच्या जिवाशी खेळ आहे.

मीटिंग शोधायची कशी? पाच वाटा

१. फोन करा. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय विभागाची व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे १४४४६. फोन मोफत आहे. आपला जिल्हा, तालुका सांगायचा आणि दोन गोष्टी विचारायच्या. सरकारी मदतीवर चालणारे जवळचे केंद्र कोणते आणि जवळ एएची मीटिंग कुठे भरते? मन फारच खचले असेल, मरणाचे विचार येत असतील तर टेली-मानस १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री कधीही बोलता येते. तिथे मराठीतून बोलता येते.

२. मोबाइलवर नेमके शोधा. "दारू सोडवा" असे टाइप केले तर जाहिराती येतात. त्याऐवजी "अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस इंडिया" असे शोधा आणि संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जा. तिथे मीटिंगची यादी पाहा, त्यात महाराष्ट्र, मग नागपूर. ग्रुपच्या नावात 'दारू' हा शब्द असेलच असे नाही, बहुतेक नावे साधीच असतात. त्यामुळे नावावर न जाता वार, वेळ आणि पत्ता बघा. यादीत सगळ्यात वर "जाहिरात" किंवा "स्पॉन्सर्ड" लिहिलेले असेल तर ते सोडून खाली या.

३. जाण्याआधी खात्री करा. खोली बदलते, वेळ बदलते, शाळेला सुटी असली की मीटिंग दुसरीकडे भरते. पंचवीस-तीस किलोमीटर येऊन कुलूप दिसले तर माणूस पुन्हा येत नाही. यादीतल्या संपर्क क्रमांकावर त्याच दिवशी फोन करून विचारा.

४. दवाखान्यात विचारा. मेडिकलच्या मनोविकार विभागातले डॉक्टर, समुपदेशक किंवा समाजसेवा अधीक्षक यांना "एएची मीटिंग कुठे भरते?" एवढेच विचारायचे. गावात आशाताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातही विचारता येते.

५. घरबसल्या मीटिंग. कोरोनापासून एएच्या ऑनलाइन मीटिंगा वाढल्या आहेत. मोबाइलवर कॅमेरा बंद ठेवून, नाव न लिहिता नुसते ऐकता येते. शेतातल्या बांधावर बसूनही जमते. ज्याला पहिल्यांदा खोलीत पाऊल टाकायची भीती वाटते, त्याने आधी दोन-चार मीटिंगा अशा ऐकाव्यात. पण शेवटी माणसांत जाऊन बसण्याला तोड नाही.

फोनवर काय विचारायचे?

फोन लागला की जीभ अडते. म्हणून हे प्रश्न आधी कागदावर लिहून ठेवा.

- मीटिंग खुली आहे की बंद? खुल्या मीटिंगला घरचे किंवा मित्र सोबत बसू शकतात. बंद मीटिंग फक्त पिण्याचा प्रश्न असलेल्यांसाठी असते.
- मराठीत बोललेले चालते का?
- वार कोणता, सुरू किती वाजता, संपते किती वाजता?
- गेटवर किंवा बसस्टॉपवर कोणी घ्यायला येईल का? नवीन माणसासाठी बरेचदा कोणीतरी येते.
- बाईमाणसाला येता येते का? हो, एए पुरुषांपुरती नाही. पण खोलीत आणखी स्त्रिया असतात का, हे विचारून घेतलेले बरे.

खेड्यातून येणाऱ्याची खरी अडचण वेगळीच असते, ती म्हणजे शेवटची गाडी. मीटिंगा बहुधा संध्याकाळी असतात, कारण तलफ उसळायची वेळही तीच. रात्री आठ-साडेआठला मीटिंग सुटली तर एसटी मिळेलच असे नाही. म्हणून रविवारची किंवा दिवसाची मीटिंग आहे का ते आधी विचारा, नाहीतर हुडकेश्वर-मानेवाड्याकडे नातेवाइकाकडे मुक्कामाची सोय करून मगच निघा. लांब जावे लागते याचा एक फायदाही आहे. आपल्या गावचे कोणी तिथे भेटण्याची शक्यता कमी. आणि भेटलेच, तर तेही त्याच कामासाठी आलेले असतात.

मीटिंग आणि केंद्र यांत गल्लत नको

व्यसनमुक्ती केंद्रात भरती व्हावे लागते, मुदत असते, बऱ्याच ठिकाणी खर्च असतो. चांगली केंद्रे मोलाचे काम करतात. पुण्याचे 'मुक्तांगण' डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केले. त्यामागे पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांची मोठी मदत होती. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या पुढाकाराने २०१६ पासून 'मुक्तिपथ' चालू आहे. तिथे तालुक्याच्या ठिकाणी व्यसन उपचार क्लिनिक भरतात. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, तरीही क्लिनिकची गरज पडलीच. बंदीने दुकान बंद होते, लागलेली तलफ बंद होत नाही.

पण सगळीच केंद्रे सारखी नसतात. घरच्यांना न भेटू देणे, मारणे, साखळीने बांधणे असे प्रकार कुठे दिसले तर तिथून माणूस काढून आणा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूच्या व्यसनाशी निगडित आजारही येतात, आणि त्याच कायद्याने रुग्णाला साखळीने बांधणे हा गुन्हा ठरवला आहे. भरती करण्याआधी तीन गोष्टी विचारा. केंद्राची सरकारकडे नोंदणी आहे का? डॉक्टर रोज येतात का? घरच्यांना केव्हा भेटता येईल? उत्तर गोलमोल आले तर पैसे देऊ नका.

थोडक्यात, अंगातली दारू उतरवायला डॉक्टर, गरज पडली तर केंद्र, आणि पुढे आयुष्यभर टिकायला मीटिंग. केंद्रातून बाहेर पडलेला माणूस घरी येतो तेव्हा तोच चौक, तोच पानठेला आणि तेच दोस्त असतात. खरी परीक्षा तिथून सुरू होते. म्हणून केंद्रात राहून आलेल्यालाही मीटिंग लागतेच.

पहिल्या दिवशी काय होतं?

जाऊन मागे बसायचे. कोणी विचारले तर नुसते नाव सांगायचे. बोलायची सक्ती नसते, "आज फक्त ऐकायला आलो" एवढे म्हटले तरी चालते. सुरुवातीला एए म्हणजे काय ते वाचून दाखवतात. मग एकेक जण बोलतो. शेवटी उभे राहून एक छोटी प्रार्थना होते. त्यानंतर चहा.

प्रार्थना ऐकून काहींना वाटते की हा एखादा पंथ आहे. तसे नाही. एएच्या 'बारा पायऱ्यां'मध्ये स्वतःपेक्षा मोठ्या शक्तीचा उल्लेख आहे, पण ती शक्ती कोणती हे प्रत्येकाने आपापल्या समजुतीने ठरवायचे. कोणासाठी विठ्ठल, कोणासाठी अल्ला, कोणासाठी बुद्धाचा धम्म. देव न मानणारे काही जण त्या खोलीत बसलेल्या माणसांनाच ती शक्ती मानतात.

काही दिवस गेल्यावर एखाद्या जुन्या सभासदाला 'स्पॉन्सर' करता येते. स्पॉन्सर म्हणजे पैसे देणारा नव्हे. तलफ आली की रात्री-बेरात्री ज्याला फोन करायचा, तो आधीच्या वाटेचा वाटसरू. पहिल्या दिवशी बाकी काही जमले नाही तरी चालेल, पण दोघा-तिघांचे फोन नंबर घेऊनच निघा.

पहिली मीटिंग आवडलीच पाहिजे असे नाही. माणसे वेगळी, वातावरण वेगळे. चार-पाच मीटिंगा करून पाहा, वेगळ्या ग्रुपला जाऊन पाहा. एका दुकानात चप्पल बसली नाही म्हणून कोणी अनवाणी फिरत नाही.

शपथ मोडते, 'फक्त आज' टिकते

आपल्याकडे दारू सोडण्याच्या शपथांची कमी नाही. विदर्भाच्या गावागावांत गाडगेबाबांनी आणि तुकडोजी महाराजांनी दारूविरुद्ध सांगितले. १९५६ साली नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्येही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. वारकरी माळ घालतो तेव्हा दारू-मटण सोडतो. पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतलेले बाप तर घरोघरी सापडतील.

या शपथांनी कित्येक घरे सावरली. पण ज्याला आजार जडला आहे, त्याच्यासाठी "आयुष्यात कधीच नाही" ही शपथ डोंगराएवढी होते. ती पोळ्याच्या करीला मोडते, कापसाचे चुकारे हातात आले की मोडते, लग्नाच्या वरातीत मोडते. मोडली की लाज वाटते, आणि लाज बुडवायला पुन्हा तोच पव्वा.

मीटिंगमध्ये आयुष्यभराची शपथ मागत नाहीत. तिथे म्हणतात, फक्त आजचा दिवस प्यायची नाही. उद्याचे उद्या बघू. आज कठीण गेला तर पुढचा एक तास नाही. पोळ्याची कर असेल तर त्या दिवशी सकाळीच स्पॉन्सरला फोन, संध्याकाळी मीटिंग. चुकाऱ्याचे पैसे थेट बायकोच्या खात्यात. अशा चोवीस-चोवीस तासांचीच वर्षे होतात. वर्ष पूर्ण झाले की ग्रुपमध्ये त्याचा 'वाढदिवस' करतात.

तो येतच नसेल तर?

पुष्कळ घरांत मीटिंग शोधणारा हात पिणाऱ्याचा नसतो. तो बायकोचा, आईचा, कधी दहावीतल्या मुलीचा असतो. "तो तयारच नाही, मग आमचा काय उपयोग?" असे त्यांना वाटते.

त्यांच्यासाठी वेगळा मेळ आहे, 'अल-ॲनॉन'. एएच्या एका संस्थापकाच्या पत्नीने, लोइस विल्सन यांनी, १९५१ मध्ये तो उभा केला. इथे पिणाऱ्यांच्या घरचे लोक जमतात. पिणारा आला नाही, सोडायला तयार नसला तरी घरच्यांना जाता येते. 'मुक्तांगण'मध्येही रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा गट आहे. हेल्पलाइनवर विचारताना अल-ॲनॉनचेही नाव घ्या.

तिथे सगळ्यात आधी कळते ते हे, की त्याने प्यायला सुरुवात केली ती तुमच्यामुळे नाही, आणि त्याचे पिणे तुमच्या हातातही नाही. पण काही गोष्टी तुमच्या हातात आहेत. त्याची उधारी फेडणे थांबवा. "अंगात ताप आहे" असे खोटे सांगून त्याची मजुरीची खाडी झाकणे थांबवा. प्यायलेला असताना वाद घालू नका. सकाळी, तो शुद्धीवर असताना, शांतपणे आणि थोडक्यात बोला. "तुम्ही काल काय केले ते आठवते का?" एवढे विचारून मीटिंगचा कागद समोर ठेवा. आणि मारहाण होत असेल तर ते सहन करणे म्हणजे संसार टिकवणे नव्हे. महिला हेल्पलाइन १८१ आणि पोलिसांचा ११२ हे नंबर पाठ करून ठेवा.

खरंच फरक पडतो का?

नुसत्या गप्पांनी दारू सुटते का, हा प्रश्न रास्त आहे. २०२० मध्ये कॉक्रेन या नावाजलेल्या वैद्यकीय संशोधन संस्थेने २७ अभ्यासांचा आढावा घेतला. त्यांत मिळून १०,५६५ माणसे होती. एएच्या वाटेला लावणारे उपचार घेतलेल्यांपैकी वर्षभराने साधारण १०० पैकी ४२ जण पूर्ण कोरडे होते. इतर मान्य उपचार घेतलेल्यांत हे प्रमाण १०० पैकी ३५ होते. म्हणजे मीटिंग ही जादू नाही, सगळ्यांनाच लागू पडते असेही नाही. पण फुकट मिळणारी ही गोष्ट महागड्या उपचारांच्या मागे नाही, काकणभर पुढेच आहे.

उलट आपल्याकडे अडचण उपचार निकामी असण्याची नाही, तिथवर माणूस न पोहोचण्याची आहे. दिल्लीच्या एम्सने केलेली देशभराची पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात, आणि दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ माणसांपैकी एखाद्यालाच काही ना काही उपचार मिळतो, असे तीत दिसले. बाकीचे ३७ घरी, शेतात आणि भट्टीवरच राहतात.

घसरला तर?

घसरतो. बरेच जण घसरतात. सहा महिने कोरडा राहिलेला माणूस एका तेरवीत एक घोट घेतो आणि आठवडाभर उठत नाही. गाव म्हणते, "सांगितलं होतं ना, कुत्र्याचं शेपूट." मीटिंगमध्ये तसे म्हणत नाहीत. तिथे त्याला परत बसवतात आणि विचारतात, त्या दिवशी सकाळी मनात काय होते? साखरेचा रोगी एकदा गोड खाल्ले म्हणून दवाखाना सोडत नाही, तसेच हे आहे. मात्र पुन्हा रोज पिणे सुरू झाले असेल तर परत थांबवताना डॉक्टरांची मदत घ्यायची, हे विसरू नका.

जवळ मीटिंगच नसेल तर?

१९३५ च्या मे महिन्यात बिल विल्सन नावाचा शेअर बाजारातला माणूस धंद्याच्या कामाने ॲक्रन या परक्या गावी गेला होता. दारू सोडून त्याला काही महिने झाले होते. काम फिसकटले. हॉटेलात एका बाजूला बार होता आणि दुसऱ्या बाजूला टेलिफोन. बारमध्ये गेलो तर संपलो, हे त्याला कळले. त्याने चर्चच्या यादीतले नंबर फिरवायला सुरुवात केली. त्याला औषध नको होते, उपदेश नको होता. आपल्यासारखाच एखादा दारुडा बोलायला हवा होता. फोनवरून फोन करत शेवटी त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या सर्जनशी पडली. तोही दारूत बुडालेला होता. दोघे कित्येक तास बोलले. १० जून १९३५ हा डॉ. बॉब यांचा पिण्याचा शेवटचा दिवस मानतात, आणि तोच एएचा स्थापना दिवस.

एएची सुरुवात अशी एका फोनने आणि दोन माणसांनी झाली. आजही दोन-तीन माणसे दारूपासून दूर राहण्यासाठी जमली तर तो ग्रुप होऊ शकतो, असा नियम आहे. परवाना लागत नाही, वर्गणी लागत नाही. नागपूरच्या मीटिंगला काही महिने जाऊन आलेल्या माणसाने आपल्या गावच्या शाळेची किंवा समाजमंदिराची खोली आठवड्यातून एक तास मागितली, आणि जुन्या ग्रुपला "आमच्याकडे या" म्हटले, तर ते मदतीला येतात. ज्या गावात पिणारे पन्नास आहेत, तिथे सोडू पाहणारे दोन नक्की असतात. ते एकमेकांना माहीत नसतात, एवढेच.

हे नंबर मोबाइलमध्ये सेव्ह करा

- व्यसनमुक्ती हेल्पलाइन (मोफत) : १४४४६
- टेली-मानस, मानसिक आधारासाठी (मोफत, २४ तास) : १४४१६
- रुग्णवाहिका (फिट, भ्रम, बेशुद्धी) : १०८
- महिला हेल्पलाइन : १८१
- पोलीस, तातडीची मदत : ११२
- लहान मुलांसाठी चाइल्डलाइन : १०९८

घरात, शेजारी किंवा नात्यात कोणाला याची गरज असेल तर ही माहिती त्याला एकट्यालाच पाठवा, गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाव घेऊन नको. त्याची लाज राखली तर तो फोन उचलण्याची शक्यता जास्त.